पाच मिनिटांचा बोलपट

दिवाळी सरली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात मंडया सुरू होतात. दिवसा मंडई भरते आणि रात्री नाटक होते. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, सगळे अंगावर चादरी घेऊन पहाटेपर्यंत बसतात. झाडीपट्टीतला माणूस नाटकाचा मोठा शौकीन. चांगले काय नि वाईट काय, हे त्याला सांगावे लागत नाही. नट खोटा रडला तर तो लगेच ओळखतो.

अशा जाणत्या मंडळींना आज आम्ही एक नवे काम सांगणार आहोत. ते म्हणजे बोलपट करणे. भिऊ नका. त्यासाठी मुंबईला जायचे नाही. नटनट्या आणायच्या नाहीत. कर्ज काढायचे नाही. पाच मिनिटांचाच बोलपट करायचा आणि तोही आपल्या गावाचा. त्याला लागणारा कॅमेरा आज पुष्कळ घरी आहे. तो म्हणजे स्मार्टफोन.

फोनला डोळा आहे. फोनला कान आहे. पण काय पाहावे आणि काय ऐकावे, हे त्याला कळत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते. सगळी विद्या एवढ्यातच आहे.

आम्ही मॅट्रिक झालेलो. सदतीस वर्षे शाळेत शिकवले आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. बोलपट करणे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावी आम्ही रात्रीचा वाचनवर्ग घेतो. त्या वर्गातली मंडळी आणि आम्ही मिळून एक बोलपट केला. पहिल्यांदा तो पार फसला. दुसऱ्यांदा जमला. दोन्ही वेळी काय झाले ते सांगतो, म्हणजे आमची चूक तुम्हाला करावी लागणार नाही.

चित्र हलते कसे?

खरे म्हणजे चित्र हलतच नाही. एक जुनी वही घ्या. तिच्या कोपऱ्यावर एक माणूस काढा. पुढच्या पानावर तोच माणूस काढा, पण पाय किंचित पुढे टाकलेला. असे वीस-पंचवीस पानांवर काढा. मग अंगठ्याने पाने भरभर सोडा. माणूस चालू लागतो! चित्रे सगळी स्थिर आहेत. ती इतक्या झपाट्याने डोळ्यांपुढून जातात की दोन चित्रांमधली फट आपल्याला जाणवत नाही.

फोन हेच करतो. साधारणपणे तो एका सेकंदात ३० चित्रे घेतो. पाच मिनिटांचे ३०० सेकंद होतात. म्हणजे पाच मिनिटांच्या बोलपटात ९,००० चित्रे झाली. गुणाकार करून पाहा.

वाटाण्याचे रोप

आपल्या देशात पूर्ण लांबीचा पहिला कथा-चित्रपट एका मराठी माणसाने केला. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. लोक त्यांना दादासाहेब फाळके म्हणत. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट त्यांनी मुंबईत पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतले की असेच आपल्या देवादिकांचे चित्रपट आपण करावेत.

१९१२ साली ते विलायतेला गेले, कॅमेरा घेऊन आले. पण पैसा कोण देणार? बोलून कोणाचा विश्वास बसेना. मग त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला. त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला. रोज थोडे चित्रण करावे आणि थांबावे, असा त्यांचा क्रम चालला. कोंब फुटला, पाने आली, वेल वर चढली. महिन्याभराची वाढ त्यांनी पाहणाऱ्यांना मिनिटभरात दाखवली. जे डोळ्यांना कधी दिसत नाही ते लोकांनी पाहिले. मग पैसे देणारा माणूस भेटला.

फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई या कामात खांद्याला खांदा लावून होत्या. त्यांनी अंगावरचे दागिने दिले. इतकेच नव्हे, तर रात्री अंधारात बसून त्या फिल्मच्या कडांना भोके पाडत. त्या भोकांवाचून फिल्म कॅमेऱ्यात सरकत नसे. तारामतीचे काम करायला एकही बाई मिळेना. शेवटी खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंखे यांनी लुगडे नेसून ते काम केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्याची फिल्म ३,७०० फूट लांब होती. एका फुटात १६ चित्रे बसतात. म्हणजे ५९,२०० चित्रे झाली.

तो चित्रपट मुका होता. बोलणारा चित्रपट आपल्या देशात १९३१ साली आला, त्याचे नाव ‘आलम आरा’. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालचा. त्यातही हरिश्चंद्राचीच कथा होती.

आता पाहा. कॅमेरा, फिल्म, भोके, रसायने, अंधारी खोली, दागिने गहाण. फाळक्यांना लागलेली ही सगळी सामग्री आज एका फोनात मावली आहे. पण वाटाण्यापुढे महिनाभर बसून राहण्याची जी चिकाटी, ती काही फोनात येत नाही.

आमची पहिली चूक

आमच्या वर्गाने ठरवले की गावाचा बोलपट करायचा. नुसते एवढेच ठरवले. कार्तिकातल्या एका रविवारी आम्ही निघालो. एका सुनबाईंचा फोन घेतला. देऊळ घेतले, शाळा घेतली, पुंजणे घेतले, बैल घेतले, कोंबडी घेतली. पोरे पुढे येऊन हात हलवत होती, तीही घेतली. चाळीस मिनिटे झाल्यावर फोनातली जागा भरली आणि त्याने पुढे घेणे बंद केले.

रात्री वर्गात सगळे पाहायला बसलो. चित्र उभे, दोन्हीकडे काळे पट्टे. माणसांची तोंडे काळी, कारण सूर्य त्यांच्या पाठीशी होता. बोलणे ऐकूच येईना, नुसता वारा भणभणत होता. फोन इकडून तिकडे असा फिरवला होता की पाहणाऱ्याला भोवळ यावी. दहा मिनिटांत दोघे-तिघे पेंगू लागले.

आमच्या वर्गात मासोळ्या विकणाऱ्या एक ढिवर बाई आहेत. साठीच्या पुढच्या. अक्षर ओळखायला आमच्याकडे आल्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, जाळं तं लय टाकलं जी, पन मासोळी एकबी नाई. कोन्ती मासोळी पायजे ते आधी ठरवा लागते. मग जागा. मग जाळं.”

आम्ही सदतीस वर्षे शिकवले, पण हा धडा त्या दिवशी शिकलो.

आधी एक वाक्य

दुसऱ्या दिवशी फोन बाजूला ठेवला आणि फळ्यावर प्रश्न लिहिला: “आपल्याला काय सांगायचे आहे? एका वाक्यात सांगा.”

कोणी म्हणाले देवळाचे सांगू, कोणी म्हणाले मंडईचे. मागच्या रांगेत एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांची जमीन तलावाच्या पाण्यावर, पण अगदी टोकाला. ते हळूच म्हणाले, “गुरुजी, माह्या बांधीत पानी नाई आलं. औंदाबी नाई.” आणि गप्प झाले.

वाचकहो, आपल्या भागातले तलाव तुम्हाला ठाऊक आहेतच. पूर्व विदर्भात असे जुने तलाव साडेसहा हजारांहून जास्त आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. नवेगाव बांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे लोक सांगत आले आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पण धानाला पाणी लागते ते लागतेच.

तलावाच्या पाळीतून शेताकडे पाणी सोडण्याची जी वाट असते, तिला आपण तुडूम म्हणतो. आमच्या गावच्या तुडुमाचे दगड निसटले होते. बंद केले तरी बाजूने पाणी गळे आणि नाल्याला जाई. त्यामुळे धान निसवण्याच्या वेळी, म्हणजे पाण्याची खरी गरज असते तेव्हा, तलाव खाली गेलेला असे. जवळच्या बांध्यांचे कसेबसे भागे. टोकाची दहा-बारा घरे कोरडी राहत. ते म्हातारे तीन वर्षे ग्रामसभेत हे सांगत होते. अर्जही दोनदा गेले होते. उत्तर आले नव्हते. गावातही कोणाला त्याचे फारसे वाटत नव्हते, कारण तुडुमाकडे कोण जाते आणि टोकाच्या बांधीपर्यंत कोण चालत जाते?

मग फळ्यावर वाक्य लिहिले: “तुडूम गळते, म्हणून टोकाच्या बांध्या वाळतात.”

हे आमच्या बोलपटाचे वाक्य झाले. जे चित्र या वाक्याच्या कामाचे ते घ्यायचे. जे नाही ते कितीही सुंदर असो, सोडायचे. कोंबडी गेली. देऊळ गेले. हात हलवणारी पोरेही गेली.

कागदावर सहा चौकोन

नाटकात तुम्ही जेथे बसता तेथूनच सगळे पाहता. राजा दूर असला तर दूरच दिसतो. बोलपटात तसे नाही. बोलपट पाहणाऱ्याचा हात धरून त्याला नेतो. आधी दूर उभा करतो, मग जवळ नेतो, मग अगदी डोळ्यांपुढे वस्तू धरतो. म्हणून चित्रे तीन तऱ्हांची घ्यावीत. दूरचे चित्र जागा कोणती ते सांगते. मधले चित्र काय चालले आहे ते सांगते. जवळचे चित्र त्याचे दुःख किंवा सुख सांगते.

आम्ही कागदावर सहा चौकोन काढले आणि प्रत्येकात एक चित्र वेडेवाकडे रेखाटले.

पहिला: तलाव आणि पाळ, दुरून, सकाळी.
दुसरा: तुडूम, जवळून. निसटलेले दगड आणि गळणारे पाणी.
तिसरा: ते पाणी नाल्याला मिळते तेथपर्यंत.
चौथा: पाट. सुरुवातीला ओला, पुढे दमट, पुढे कोरडा.
पाचवा: टोकाची बांधी. भेगा पडलेली जमीन.
सहावा: म्हातारे शेतकरी आणि त्यांच्या हातातली लोंबी.

कागदाला पैसे पडत नाहीत. येथे केलेली चूक रबराने पुसता येते. म्हणून कागदावर वेळ घालवा, शेतात कमी घालवा.

डोळा, कान आणि हात

आता चार व्यवहाराच्या गोष्टी ऐका.

फोनच्या पाठीवर जी काच असते ती त्याचा डोळा. ती मऊ सुती कापडाने पुसा. हळदीचे, तेलाचे बोट लागले तर चित्र धुरकट येते. फोन आडवा धरा, कारण भिंतीवर किंवा टीव्हीवर दाखवताना आडवे चित्र नीट बसते. आधी बॅटरी भरा, जागा मोकळी करा. मधेच कोणाचा फोन येऊ नये म्हणून विमानाचे चिन्ह असलेले बटण दाबून ठेवा.

उजेड आपल्या पाठीमागून किंवा बाजूने यावा. सकाळचे पहिले दोन तास आणि दिवस कलता वेळ उत्तम. भर दुपारी भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि माणूस आंधळ्यासारखा दिसतो.

दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवा. झाड, भिंत, बैलगाडी, जे असेल त्याला टेकून उभे राहा. चित्र घेताना मनात दहापर्यंत मोजा, तोवर फोन हलवू नका. लांबची वस्तू मोठी हवी तर बोटांनी चित्र ताणू नका, चालत जवळ जा.

फोन चालता हवा असेल तर युक्त्या आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या सोबत्यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रपट केले. २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. कॅमेरा पुढे सरकवायला त्यांनी सायकल वापरली आणि उंच उचलायला बैलगाडी. आम्हीही सायकल आणली. पण आमच्या धुऱ्यावर ती चालते थोडीच! स्वार बांधीत आणि सायकल त्याच्यावर. फोन वाचला हे नशीब. शेवटी पायीच चाललो, गुडघे थोडे वाकवून, डोक्यावर पाण्याची घागर असल्यासारखे. बायांना ते फार छान जमले. म्हणून पाटाचे सगळे चित्रण त्या सुनबाईंनीच केले.

फोनवर केलेला चित्रपट म्हणजे पोरखेळ, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत शॉन बेकर नावाच्या दिग्दर्शकाने ‘टँजरिन’ हा पुरा चित्रपट फोनवर घेतला. तो २०१५ साली जगभर वाखाणला गेला. पुढे त्याच्याच दुसऱ्या चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. साधन लहान असले म्हणून काम लहान होत नाही.

आता कानाचे. फोनचा कान भोळा आहे. जे जवळ आहे ते त्याला मोठे वाटते. तुम्ही दहा हात दूर उभे राहिलात तर त्याला वारा ऐकू येईल, माणूस येणार नाही. म्हणून बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर राहा. नाहीतर दुसरा फोन बोलणाऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवून त्यात आवाज धरा. सुरुवातीला एक टाळी वाजवा. टाळीचे चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की पुढचे सगळे जुळते. इंजिन चालू असेल तर बंद होईपर्यंत थांबा. वाऱ्याकडे पाठ करा.

बोलणारा माणूस

सहाव्या चौकोनाला आम्ही सर्वांत जास्त अडलो. म्हाताऱ्या बाबांपुढे फोन धरला, तर ते ताठ उभे राहिले. हात जोडले आणि “सन्माननीय अध्यक्ष महाशय” असे सुरू केले. तीन वर्षे ग्रामसभेत बोलून बोलून ते भाषण पाठ झाले होते. पण त्यात ते स्वतः कोठेच नव्हते.

आम्ही म्हटले, “बाबा, बोलू नका. नुसती बांधी दाखवा आम्हाला.”

ते बांधीत उतरले. वाकून एक लोंबी तोडली. तळहातावर चोळली. फुंकर मारली. सगळे उडून गेले. हातावर एक दाणा राहिला नाही. ते रिकाम्या हाताकडे पाहत म्हणाले, “पोचट.” एवढेच.

त्या वेळी फोन त्यांच्या तळहातावर होता. हे चित्र बारा सेकंदांचे आहे. आमच्या बोलपटाचा जीव म्हणाल तर तो येथे आहे.

खोटे दाखवायचे नाही

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुडुमाचे चित्र घेताना आमच्यातला एक तरुण म्हणाला, “गुरुजी, गळती लहान दिसून रायली. सबलीनं एक दगड आनखी काढतो. धो धो पानी दिसन, तवाच लोकं हालतीन.” हेतू वाईट नव्हता. त्याची स्वतःची बांधीही त्याच पाटावर होती.

आम्ही उत्तर देण्याआधीच ढिवर बाई बोलल्या. “अन् उद्या पाहाले कोनी आलं, तं ताजा दगड दिसन नाई का? मग ह्या बाबाची लोंबीबी खोटी होईन.”

बरोबर आहे. एक खोटे चित्र शंभर खऱ्या चित्रांची किंमत घालवते. दगड तसाच राहू दिला. गळती लहान होती ती लहानच दाखवली. फक्त तिच्याखाली एक बादली ठेवली आणि ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळासकट दाखवले. दिवसरात्र किती बादल्या जात असतील, हे पाहणारे मनातच मोजू लागले. खऱ्यालाही युक्ती लागते, पण ती खरीच युक्ती असावी.

खोटेपणाची दुसरी तऱ्हा जास्त फसवी आहे. चित्रे जोडताना दुसरा एकजण म्हणाला, “आपल्याकडे सरपंचाचं लग्नातलं चित्र आहे, खळाळून हसतानाचं. ते वाळलेल्या धानाच्या मागं लावू.” पाहा हं. सरपंच खरेच हसले होते. धान खरेच वाळले होते. पण दोन्ही शेजारी ठेवले की अर्थ होतो, सरपंच शेतकऱ्याच्या नुकसानीवर हसतात. तो अर्थ धादांत खोटा.

रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या माणसाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी याचा प्रयोग केला होता. एका नटाचा एकच चेहरा त्याने घेतला. एकदा त्याच्या शेजारी रश्श्याचे ताट दाखवले, एकदा शवपेटी. लोकांना तोच चेहरा एकदा भुकेला वाटला, एकदा दुःखी. चेहरा बदलला नव्हता. शेजार बदलला होता.

हे एकदा कळले की दुसरा फायदाही होतो. तुमच्या फोनवर रोज कोणी ना कोणी चित्रफिती पाठवतो. अमक्याने असे केले, तमक्या जातीच्या लोकांनी तसे केले. ती पाहून रक्त तापते. तेव्हा स्वतःला विचारा: हे कोठले? केव्हाचे? याच्या आधी काय होते आणि मागून काय कापले? ज्याने स्वतः एकदा कापून जोडले आहे, त्याला दुसऱ्याचे कापलेले लवकर कळते.

ज्याचे चित्र, त्याला विचारा

तलावाचे दूरचे चित्र आम्ही घरी येऊन पाहिले, तर काठावर बाया आंघोळ करत होत्या. आम्हाला तेव्हा दिसल्या नव्हत्या. चित्र फार छान होते, पाण्यावर ऊन चमकत होते. पण ते त्याच क्षणी पुसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

माणसाचे चित्र घेण्याआधी त्याला विचारा. कशासाठी घेतो, कोठे दाखवणार, हे सांगा. मुलांचे घ्यायचे तर आईबापांना विचारा. ‘नाही’ म्हटले तर राग मानू नका. झाल्यावर आधी त्यालाच दाखवा. कोणाचे खासगी अवस्थेतले चित्रण संमतीवाचून करणे, पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी आपली मर्यादा आपल्याला कळायला हवी.

उफणणी

आपण धान चुरतो, मग उफणतो. भुसा उडतो, दाणा खाली राहतो. चित्रे जोडणे म्हणजे उफणणीच. फोनातच त्याची साधने मिळतात, काही फुकट मिळतात. नको ते कापायचे, हवे ते ओळीने लावायचे. दुसऱ्या खेपेला आम्ही बावीस मिनिटे घेतली होती. त्यातली पाच ठेवली. गाणे लावले नाही. दुसऱ्याचे गाणे विचारल्यावाचून लावू नये, आणि आम्हाला गरजही नव्हती. तुडुमाच्या पाण्याचा आवाज होता. कोरड्या पाटात पावलांचा आवाज होता. तेवढे पुरले.

भिंतीवर

२५ जानेवारीच्या रात्री शाळेच्या भिंतीवर बोलपट दाखवला. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. शंभरेक माणसे जमली. सुरुवातीला हसणे-खिदळणे चालले होते, कारण भिंतीवर आपला तलाव दिसला. बादली भरू लागली तशी बोलणी थांबली. बाबांनी फुंकर मारली आणि हात रिकामा दिसला, तेव्हा मागून एका बाईचा “अगं माय” असा आवाज आला. बाकी कोणी काही बोलले नाही.

सरपंच उठले. म्हणाले, “तीन वर्षं ऐकत होतो. पाहिलं आज.”

दुसऱ्या दिवशी ठराव झाला. तो ठराव आणि तो बोलपट दोन्ही वर पाठवले. या खेपेला माणूस आला, तुडूम मोजून गेला. उन्हाळ्यात गावाने श्रमदान करून पाट उपसला आणि तुडुमाच्या बाजूला चिकणमाती आणि पोती भरून तात्पुरती गळती अडवली. पुढच्या धानाला पाणी बरेच पुढे गेले. अगदी शेवटच्या दोन बांध्यांना मात्र पोचले नाही. तुडुमाचे पक्के काम अजून व्हायचे आहे. बोलपटाने दगड बसत नाही, हे लक्षात ठेवा. दगड माणसांनाच बसवावा लागतो. बोलपट फक्त माणसांना दगडापर्यंत चालत नेतो.

आणि ते बाबा? त्यांना विचारले, “कसं वाटलं?” ते म्हणाले, “मी एवढा म्हातारा झालो का जी?” सगळे हसले. थोड्या वेळाने ते आमच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “पन गुरुजी, हात माहाच होता.”

ध्यानात ठेवा

१. आधी एक वाक्य, मग कागदावर चौकोन, मग फोन.
२. फोन आडवा. उजेड पाठीमागे. दहापर्यंत मोजा.
३. आवाजासाठी जवळ जा.
४. विचारल्यावाचून कोणाचे चित्र घेऊ नका.
५. लहान खरे, मोठ्या खोट्यापेक्षा बरे.

प्रश्न

१. फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाचे चित्रण का केले?
२. पहिल्या रविवारी घेतलेली चाळीस मिनिटे वाया का गेली?
३. सरपंचांचे हसतानाचे चित्र खरे होते. तरी ते का लावले नाही?
४. एका सेकंदाला ३० चित्रे, तर दोन मिनिटांत किती?

करून पाहा

तुमच्या गावात सर्वांना ठाऊक आहे पण कोणी पाहिलेली नाही, अशी एक गोष्ट शोधा. बंद पडलेली बोअरिंग असेल, शाळेचे गळके छप्पर असेल, किंवा दंडारीतली गाणी ज्यांना येतात अशा शेवटच्या आजीबाई असतील. तिच्याविषयी एक वाक्य वहीत लिहा. सहा चौकोन काढा. येत्या रविवारी वर्गात घेऊन या.

फोन आताच काढू नका.